कापसाची दुपारची झोप

दिवाळी सरते, थंडी अंगाला झोंबू लागते, शेतात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटतात आणि मला शिंका सुरू होतात. वैद्य म्हणतात, कफ आहे. सुना म्हणतात, म्हातारपण आहे. मी काही बोलत नाही, कारण ही शिंक कुठली आहे ते मला नेमकं ठाऊक आहे. ही आगगाडी येण्याआधीची शिंक आहे. तेव्हा नाकात शिरलेला कापूस अजून पुरता बाहेर पडलेला नाही.

आज सकाळी मुलगा बंडी जुंपून बडनेऱ्याच्या ठेसनावर निघाला. बैल अजून आंबोण खात होते, तेवढ्यात तो त्यांना घाई करू लागला, कारण म्हणे गाडी थांबत नाही. मी ओट्यावर ऊन खात बसलो होतो. समोरून चार माणसं गेली, चौघांनी राम राम केला आणि पुढे चालू लागली. कोणी बसलं नाही, कोणी काही विचारलं नाही. असा मोकळा ओटा पाहिला की मला अजूनही चुकल्यासारखं होतं, आणि मग बरं वाटतं.

त्या वर्षांत हे सुख नव्हतं. समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे भाऊ-भाऊ भांडले, असं आम्हाला दलालांनी सांगितलं. यात नवल वाटण्यासारखं आम्हाला काही दिसलं नाही. भाऊबंदकी कुठे नसते? आमच्याच गावात एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन घरांनी एकमेकांच्या मयतीला जायचं सोडलं होतं. पण त्या भावांच्या भांडणात तिकडचा कापूस अडकला, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस झाला. त्या भावांचं जमू नये म्हणून आमच्या मारुतीला नारळ फुटले. फोडणाऱ्यांत मीही होतो. मारुतीने त्या नारळांचं काय केलं असेल, हा विचार मला पुष्कळ उशिरा सुचला.

घरात कापूस, गोठ्यात कापूस, देवघरात देवांच्या मागे कापूस. माजघरात तर छताला टेकेल अशी गंजी लागली होती. भाकरीत कापूस यायचा, लोणच्यात तंतू निघायचे. माझी माय जेवायला वाढताना आधी ताटावर फुंकर घालायची आणि मग भाजी वाढायची. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या, आणि त्याच बैलांना पाणी पाजायला कोणाजवळ सवड नव्हती.

वेळ नावाची वस्तू आपल्या घरात आहे, हे त्याआधी मला माहीतच नव्हतं. मीठ गाडग्यात असतं तोवर त्याचा विचार कोण करतो? उजाडलं की उठायचं, भूक लागली की जेवायचं, अंधारलं की निजायचं. मध्ये जे उरायचं त्यात आम्ही खुशाल राहायचो. मग गाडग्याचा तळ दिसायला लागला.

त्याचं कारण माझं घर. गावची पाटीलकी माझ्या चुलत्याकडे होती, पण अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं घर माझं. दारात विहीर, विहिरीवर निंब, निंबाखाली बंड्या सुटायच्या. त्यामुळे वाटसरू मलाच पाटील म्हणायचे आणि अमरावती आणि अकोला या दोन्ही बाजारपेठांची बातमी आधी माझ्या ओट्यावर उतरायची. साहजिकच सारं गाव तिथे येऊन एकच गोष्ट विचारायचं: भाव काय? या प्रश्नाचं उत्तर देऊन सुटका नसते. भाव चढला म्हटलं तर माणूस आनंद करायला बसतो. उतरला म्हटलं तर दुःख करायला बसतो. कालचाच आहे म्हटलं तर काल काय होता ते ऐकायला बसतो. एकदा बसला की त्याला पाणी आणि गूळ द्यावा लागतो, तंबाखू द्यावी लागते. ओट्यावरून माणूस उठवला तर घरच्या विहिरीचं पाणी आटतं, असं माझे वडील सांगून गेलेले, त्यामुळे उठवायची सोय नाही.

सर्वांत आधी संपतकाका यायचे. मी निंबाची काडी तोंडात धरून उभा असायचो, तेव्हाच ते हजर. संपतकाकांच्या वावरात कपाशीचं एक झाड नव्हतं, सारी ज्वारी. तरी रोज उजाडता भाव हवा. एकदा मी विचारलं, काका, तुम्हाला कापसाचा भाव कशाला? ते जरा दुखावले. म्हणाले, गावात सगळे इचारतेत, आपणच नाई इचारलं तं कसं दिसते? मी न्हाणीत बसलो तरी भिंतीवरून कोणी ना कोणी विचारायचा. म्हैस पान्हावून हंबरायची, धार काढायची राहून जायची. संध्याकाळी मी खाटेवर पडायचो तेव्हा दिवस गेला हे कळायचं, पण त्यातला कोणता तुकडा माझा होता ते सांगता आलं नसतं.

यातलं बाकी सगळं मी सोसलं असतं. दुपार गेली ते मात्र सोसेना.

आमच्यात बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. लिहायचं की नाही यावर कोणी काही सांगून ठेवलेलं नाही, तेव्हा लिहितो. तिचं नाव सखू. घरात मायसमोर, भावजयांसमोर आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हतो. तशी रीतच होती. मीठ हवं असलं तरी मी मायकडे मागायचो आणि माय सखूला सांगायची. बोलायला आम्हाला एकच जागा होती, वावरातली विहीर. भर दुपारी सखू डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन यायची, वेचणाऱ्या बाया पलीकडच्या बाभळीखाली शिदोरी सोडायच्या, आणि आम्ही दोघं आंब्याच्या सावलीत बसायचो. ती घटका आमची. म्हैस, भावजया, तिच्या माहेरचं भांडण, माझं पोट, जे सुचेल ते बोलायचो. अंबाडीची भाजी आणि ठेचा संपला की तेवढ्यावर दुसऱ्या दुपारपर्यंत निभायचं.

आता वावरातही माझ्या मागे माणसं यायला लागली. सखू येताना दिसायची, आंब्याखाली चार पागोटी पाहायची, टोपलं धुऱ्यावर ठेवायची आणि पदर पुढे ओढून परत फिरायची. असं रोज होऊ लागलं. एकदा ती घाईघाईने एवढंच म्हणाली की मले तुमाले एक सांगाचं हाय, तेवढ्यात विहिरीच्या पलीकडून प्रश्न आलाच. ती गेली.

मी उपाय केले. पहिला उपाय म्हणजे घरी नाही असं सांगायचं आणि माजघरात गंजीमागे बसायचं. मायला हे पसंत नव्हतं, जन्मात ती खोटं बोलली नव्हती. पण तिला खोटं बोलावंच लागलं नाही. कोणी दारात आलं की मला शिंक यायची.

दुसरा उपाय मला फार नामी वाटला होता. मी मौन धरलं. सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही. बोलणंच नाही म्हटल्यावर भाव कोण विचारणार? मायने मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगितलं की माह्या लेकानं मौन धरलं. दुपारपर्यंत ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

अमरावतीहून रहमतभाई आले. हे कापसाचे दलाल, आमच्या घरी तीन पावसाळ्यांपासून येणंजाणं, माणूस गोड आणि डोक्याने तल्लख. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "पाटील चूप हायेत. म्हणजे कुछ तो मालूम पडलं यायले. उगंच माणूस चूप बसते का?" झालं. कोणी म्हणालं, ते भाऊ-भाऊ एक झाले असतील. कोणी म्हणालं, छे, आणखी बिनसलं असेल. मी मान हलवली तर अर्ध्यांनी कापूस विकायचं ठरवलं आणि अर्ध्यांनी दाबून ठेवायचं. मी मान हलवायची बंद केली तर त्याचा धसका सगळ्यांनीच घेतला. संध्याकाळी रस्त्याने चाललेले अकोल्याचे दोन व्यापारीही माझ्या गप्प बसण्याची खात्री करून घ्यायला दमणीतून आले.

आणि त्याआधी, भर दुपारी मी वावरात गेलो तेव्हा सखू विहिरीवर आली होती. पागोट्यांचं रिंगण माझ्या मागोमाग तिथेही आलं होतंच, पण ती या खेपेस परत फिरली नाही. धीर करून जवळ आली, टोपलं ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद. मीच बंद केलेलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

दिवेलागणीनंतर मी गोठ्यात गेलो तर ती म्हशीच्या आडोशाला उभी होती. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. म्हणाली, "दिवसभर साऱ्या गावाशी बोलता. माह्या वाट्याले एक दुपार होती, तेबी मुकी करून टाकली. मी बांगडीवालीच्या हाती माहेरी निरोप धाडला हाय. संक्रांतीले भाऊ येईन न्यायले, अन् मी जाईन. परत कवा येईन ते आता मले इचारू नका."

म्हैस रवंथ करत होती. रात्री गंजीकडे पाहत पडलो आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. एवढं पांढरंशुभ्र सोनं घरात छताला लागलेलं, आणि संक्रांतीनंतर मला भाकर आणून देणारी कोणी दुसरीच असणार. मी मनाशी ठरवलं की उद्या आंब्याखालून सगळ्यांना हाकलायचं. दुसऱ्या दिवशी ते आले आणि मी म्हणालो, या, बसा.

संक्रांत जवळ आली. एका दुपारी आंब्याखाली रहमतभाई, अकोल्याचे ते दोघे आणि संपतकाका असे बसले होते. सखू आली. परपुरुषांशी तिने बोलायचं नसतं, म्हणून ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि विहिरीच्या थारोळ्याला, त्या दगडी कुंडीला, सांगावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली.

"वेचणीच्या पहिल्या दिवशी आपण सीतादही करतो. दगड मांडतो, हळदकुंकू वाहतो, कपाशीतल्या देवीले दहीभात खाऊ घालतो. आता जिले दहीभात चारला तिले दुपारची झोप नाई येणार काय? भर दुपारी कापूस निजते. निजल्या कापसाजवळ भावाची गोष्ट काढली का तो दचकते. दचकलेला कापूस काट्यावर भरत नाई. आमच्या माहेरी तं लेकराले बी ठाऊक हाय."

कोणीतरी हसेल अशी माझी खात्री होती. कोणी हसलं नाही. दहीभातानंतर झोप येते, हे चौघांच्याही पोटाला माहीत होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. संपतकाकांनी हळूच कपाशीकडे पाहिलं. रहमतभाई जोडे हातात घेऊन उठले आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "देवी तुमची असो का कोणाचीबी, वजन तं माह्या काट्यावर कमी भरीन ना." मग चौघे धुऱ्यावरून चवड्यांवर चालत रस्त्याला लागले.

ते दिसेनासे झाल्यावर सखू सावलीत बसली. मी म्हणालो, तुझ्या माहेरी अशी रीत आहे हे मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, मले तरी कुठं ठाऊक होतं? येताना वाटेत सुचलं. आणि मग ती अशी हसली की पलीकडच्या बाभळीखालच्या बाया माना उंचावून पाहायला लागल्या.

त्यानंतर जे झालं ते आमच्या हातात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं गाव दुपारी गप्प. सूर्य माथ्यावर आला की ओटा रिकामा व्हायचा. आता पौषात सूर्य काही नीट माथ्यावर येत नाही, सावली थोडी लांबच राहते, त्यामुळे कापूस नेमका केव्हा निजतो आणि केव्हा उठतो यावर मारुतीच्या पारावर मोठा वाद झाला. नुकसान नको म्हणून लोक आधीपासूनच गप्प बसू लागले आणि नंतरही बराच वेळ गप्प राहू लागले. घटकेची दुपार अशी चांगली ऐसपैस झाली. माणसं बायकोच्या हातचं गरम जेवू लागली. बैलांना पाणी मिळालं. संपतकाका तर सांगू लागले की त्यांचा आजा ही रीत कडक पाळत असे. गावच्या जोशीबुवांना पोथीत त्या रीतीला आधारही सापडला. पुढच्या खेपेला रहमतभाई सांगत आले की अकोल्याच्या बाजारातही काही आडत्यांनी दुपारी काटा खाली ठेवायला सुरुवात केली आहे, अमरावतीकडचा जुना रिवाज म्हणून.

आम्ही दोघं आंब्याखाली बसायचो. बोलण्यात विशेष काही नव्हतं. एक अख्खी दुपार ती आपल्या माहेरच्या एका आंधळ्या कुत्र्याविषयी बोलली, आणि मला ते कुत्रं संपू नये असं वाटलं. लग्नाला कित्येक वर्षं झाली होती, आणि मला माझी बायको फार आवडते ही बातमी मला त्या विहिरीवर लागली. अमरावती किंवा अकोल्याहून आलेली कोणतीच बातमी मला एवढी मोठी वाटली नाही. ती मी कोणाला सांगितली नाही, सखूलाही नाही. सांगायला हवी होती की काय, हे अजून ठरत नाही.

संक्रांतीला तिचा भाऊ बंडी घेऊन आला तो नेमका दुपारी. पाय धुतले, पाणी प्यायला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, काय दाजी, भाव काय? मायने आतून धावत येऊन त्याला गप्प केलं. तो गोंधळून पाहू लागला. माय म्हणाली, बाप्पा, तुमच्याच गावची रीत, अन् तुमालेच ठाऊक नाई? सखू दारामागे उभी होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसू दाबत होती असं मला दिसलं. मग ती बाहेर आली, भावाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "दादा, तू दोन दिवस राह्य अन् जाय. मी आता नाई येत. मले दुपारी काम असते."

ही रीत आमच्या पंचक्रोशीत अजून आहे. परवा नातसुनेने मलाच दटावलं. मी जेवता जेवता मुलाला ठेसनावरचा भाव विचारला, तर ती म्हणाली, आजा, सूर्य माथ्यावर आला. ठेसनावर तार वाजवणारा एक मुंबईकडचा बाबू आहे, तो या सगळ्याला हसतो. त्याच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे आणि तो दिवसभर त्याच्याकडे पाहत असतो. त्याला जेवताना मी कधी पाहिलेलं नाही.

पण माझी गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी जरा शहाणा माणूस ठरलो असतो. पुढे ते अमेरिकेतले भाऊ एक झाले म्हणे. बातमी आली आणि कापूस पडला. बंड्या कमी झाल्या, दलाल यायचे थांबले, रहमतभाईंनी अमरावतीत तांदळाचं दुकान टाकलं. ओटा रिकामा. माय म्हणाली, बरं झालं, शिंकायले मोकळा झाला. सकाळ माझी, संध्याकाळ माझी, सारा दिवस माझा. आणि या मोकळ्या दिवसाचं मी काय केलं असेल? मी रस्त्यावर जाऊन उभा राहू लागलो. जी बंडी येईल ती थांबवायची आणि विचारायचं, भाव काय? गाडीवाले मला चुकवायला निंबाच्या पलीकडून जाऊ लागले. दुपारी विहिरीवर सखू भाकर सोडायची आणि मी सुरू व्हायचो, की तेव्हा विकायला हवा होता, तेव्हा नको होता, आता चढेल, नाही चढायचा. ती ऐकायची. तिच्या ओठांवर आलेलं काहीतरी रोज परत जायचं, ते मला दिसायचंही, पण मी बोलत राहायचो.

एका दुपारी तिने भाकर माझ्यापुढून उचलली आणि टोपल्यात परत ठेवली.

"कापूस निजला हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, अगं, इथे आपण दोघंच आहोत. आणि ती गोष्ट तर तूच बनवलेली.

"तवा बनवली होती, लोकायपासून वाचाले. आता तुमच्यापासून कोण वाचवीन?" तिचे डोळे भरले होते. "माह्या दुपारी आता कोणी येत नाई. तरी तुमी कुठं असता?"

समोर वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. तिच्या काळ्या काड्यांवर कुठे कुठे चुकलेला कापूस लोंबत होता. त्यातला कोणताही मला झोपलेला दिसेना. मी एवढे दिवस गावावर, दलालांवर, रस्त्यावर, त्या परक्या भावांवर चिडत आलो होतो. आता आंब्याखाली फक्त मीच बसलो होतो, आणि हाकलायचं असेल तर मलाच हाकलावं लागणार होतं. ते सगळ्यांत अवघड निघालं, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही ते मला रोज नव्याने करावं लागतं.

त्या दिवशी मी गप्प बसलो. मौन धरलं नाही, नुसता गप्प बसलो. थोड्या वेळाने सखूने भाकर परत माझ्यापुढे ठेवली आणि मी विचारलं, तुला मला काय सांगायचं होतं? तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मी खरंच विचारतो आहे की नाही ते पारखून घेतलं आणि मग सांगायला लागली. उन्हं उतरेपर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. ती काय बोलली ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. पण ते इथे लिहीत नाही. ती दुपार आमची आहे.